आळीची शिकवण



मनुष्य आपल्यासारख्याच दुसऱ्या मनुष्यास तुच्छ लेखावयास कोठे शिकतो, आणि ही विद्या त्याच्या अंगी मुरल्यावर तिचा जाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न आज आपणांपुढे ठेवण्याचा विचार आहे. हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. ज्या गावात दोन आळ्या आहेत त्या प्रत्येक गावाचा तो आहे. आणि ज्यात दोन आळ्या नाहीत असे गाव आपल्या मंडळ्यांच्या मुलखात क्वचितच सापडेल.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हा तिरस्कार घेऊन कोणी जन्मास येत नाही. अंगणात रांगणारे लेकरू, जो हात पुढे करील त्याच्याकडे जाते. त्याची जात, रंग किंवा भाषा ते विचारीत नाही. तेच लेकरू सहा-सात वर्षांचे झाले म्हणजे कोणाच्या घरी पाणी प्यावे, कोणाच्या ओट्यावर बसू नये, कोणत्या म्हाताऱ्यास 'अहो' म्हणावे व कोणत्या म्हाताऱ्यास 'अरे' म्हटले तरी चालते, हे सर्व त्यास बिनचूक ठाऊक असते. मधल्या चार-पाच वर्षांत त्यास हे कोणी शिकविले? शाळेच्या पुस्तकात हा धडा नाही. बापाने मांडीवर घेऊन तो सांगितला, असेही बहुधा घडत नाही. हा धडा आळी शिकविते, आणि तिची शिकविण्याची रीत अशी की, शिकणाऱ्यास आपण शिकत आहो ह्याची दादही लागत नाही.

आळीजवळ तीन साधने असतात. पहिले साधन भांडे: कोणाचा पेला कोठे ठेवावयाचा व कोणी विसळावयाचा. दुसरे साधन जागा: कोणी सतरंजीवर बसावयाचे, कोणी उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे. तिसरे साधन शब्द: मुलाने अंग मळविले, किंवा हावरेपणाने खाल्ले, म्हणजे घरातील माणसे त्यास कोणत्या जातीचे नाव घेऊन रागावतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. बाळ जन्मले म्हणजे बारशाच्या आधीच शेजारणी त्याचा रंग पाहतात, आणि ते सावळे असेल तर बोलतांना त्यांचा सूर उतरतो, हेही त्यातलेच. ह्या तिन्ही साधनांवर मौनाचे झाकण असते. हे असे का, म्हणून मुलाने विचारले तर त्यास उत्तर मिळत नाही. आणि ज्या गोष्टीचे उत्तर मिळत नाही ती सूर्योदयासारखी आपोआप होणारी आहे, असे मूल समजून चालते.

ही केवळ आपल्या देशाची रीत आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्या व काळ्या लोकांमध्ये जो वर्णद्वेष दीर्घकाळ चालला, त्याची शिकवणही आळीतच होत असे. तेथील थोर पाळक मार्टिन लूथर किंग ह्यांचा जन्म १९२९ साली अटलांटा शहरी झाला. त्यांचे वडीलही पाळक होते. आपल्या बालपणाच्या आठवणींत त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. त्यांच्या घरासमोर एका गोऱ्या गृहस्थाचे दुकान होते, आणि त्या दुकानदाराचा मुलगा हा लहानग्या मार्टिनचा खेळगडी होता. तीन वर्षांचे असल्यापासून दोघे बरोबर खेळत. सहाव्या वर्षी दोघेही शाळेत जाऊ लागले. परंतु गोऱ्यांची शाळा निराळी व काळ्यांची निराळी. त्यानंतर लवकरच त्या मित्राने सांगितले की, ह्यापुढे तुझ्याबरोबर खेळावयाचे नाही असे माझ्या बापाने बजाविले आहे. ह्या गोष्टीत दोन मुले एकाच दिवशी दोन धडे शिकली हे आपण पाहावे. एक शिकले की, आपण वरचे आहो. दुसरे शिकले की, आपण खालचे आहो. दोघांनीही तोवर कोणाचे काही वाईट केले नव्हते.

ह्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मार्टिनने त्या दिवशी जेवावयास बसल्यावर आईबापांस विचारले की, असे का झाले? त्यांनी प्रश्न टाळला नाही. आपल्या लोकांचा जो अपमान होत आला होता तो सर्व त्यांनी त्यास प्रथमच समजावून सांगितला. ते ऐकून मुलाच्या मनात सर्व गोऱ्यांविषयी द्वेष भरला, असे किंग स्वतः लिहितात. आणि आईबाप मात्र त्यास सांगत राहिले की, गोऱ्या मनुष्याचा द्वेष न करता त्याच्यावर प्रीती करणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे. तो द्वेष एका दिवसात गेला नाही. पुष्कळ वर्षे लागली. तरी आळीच्या शिकवणीस उत्तर देणारे एक ठिकाण त्या मुलास होते, ते म्हणजे त्याच्या घरातील जेवणाचे मेज.

ज्या घरी असे उत्तर मिळत नाही तेथे काय होते, हे त्याच देशात एका चाचणीने दिसून आले. केनेथ क्लार्क व मेमी क्लार्क ह्या कृष्णवर्णी पतिपत्नींनी २५३ काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेविल्या. मुले तीन ते सात वर्षांची होती. बाहुल्या एकाच साच्यातल्या. भेद केवळ रंगाचा, काही गोऱ्या व काही तपकिरी. त्यांतील चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे विचारता बहुतेक मुलांनी गोरीस चांगली म्हटले आणि आपल्याच रंगाच्या बाहुलीस वाईट ठरविले. शेवटी, तुझ्यासारखी कोणती, असे विचारताच काही मुले रडू लागली. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा निराळ्या ठेवणे हे राज्यघटनेविरुद्ध आहे, असा निर्णय त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी एकमताने दिला. त्या निर्णयात ह्या चाचणीचा आधार घेण्यात आला होता. आळी जो तिरस्कार शिकविते तो वरच्यांनाच शिकविते असे नाही, हे ह्यावरून स्पष्ट होते. ज्याचा तिरस्कार होतो तो स्वतःदेखील आपला तिरस्कार करावयास शिकतो. सर्व जखमांत ही जखम खोल आहे, कारण ती आपली आपणच जागी ठेवितो.

आपल्या महाराष्ट्रातील विचारवंतांनी ह्या दोन देशांचे साम्य फार पूर्वीच ओळखिले होते. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ज्या अमेरिकन लोकांनी गुलामांस मुक्त करण्याचे कार्य केले त्यांस ते सन्मानपूर्वक अर्पण केले होते. तेव्हा आता समुद्रापलीकडून आपल्याकडे येऊ.

डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी आपल्या लहानपणाची एक हकीकत लिहून ठेविली आहे. १९०१ सालची ती गोष्ट. त्यांचे वडील खटाव तालुक्यात नोकरीस होते. त्यांस भेटावयास भीमराव, त्यांचे वडील बंधू व बहिणीची मुले असे सारे साताऱ्याहून आगगाडीने निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. घेण्यास कोणी आले नव्हते. मुलांच्या अंगावर चांगले कपडे होते, म्हणून स्टेशनमास्तरने जवळ येऊन मायेने विचारपूस केली. तुम्ही कोण, असे त्याने विचारले, आणि भीमरावांनी भोळेपणाने सांगून टाकिले की, आम्ही महार आहो. तो शब्द ऐकताच त्या गृहस्थाचा चेहरा पालटला व तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली. परंतु गाडीवानाने मुलांस गाडी हाकावयास लाविली व आपण बाजूने पायी चालला. मुलांजवळ जेवण होते, पाणी मात्र कोणी देईना. ती रात्र त्यांनी तहानेने काढिली.

त्या स्टेशनमास्तरचा विचार करा. मुलांवर त्याचा राग नव्हता. क्षणापूर्वी तो त्यांच्याशी गोड बोलत होता. मुलांचे तोंड, कपडे, वय ह्यांत त्या क्षणात काहीच बदलले नाही. बदल झाला तो एका शब्दाने. तो शब्द ऐकून मागे सरावे हे त्यास रेल्वेने शिकविले नव्हते. तो ज्या आळीत वाढला तिने चाळीस पावलांवरून ते त्याच्या पायांस शिकविले होते, आणि पाय मागे सरण्यापूर्वी त्याने बुद्धीस विचारिलेही नाही. ह्यावरून एक गोष्ट निश्चित होते. पुष्कळ लोक म्हणतात, "आमच्या मनात कोणाविषयी द्वेष नाही, ही आपली चालत आलेली रीत आहे." त्यांचे म्हणणे खरे असेल. परंतु तिरस्काराला द्वेषाची गरज लागत नाही. द्वेष नसतांही लेकरे रात्रभर तहानेली राहू शकतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे गोऱ्यांचे व उच्चवर्णीयांचे पाप झाले. ख्रिस्ती मंडळीत हे कोठे आहे? ह्यास्तव आता आपल्याच अंगणात यावे लागते.

माझे बालपण ज्या खेड्यात गेले तेथे ख्रिस्ती लोकांच्या दोन आळ्या होत्या. दोन्ही आळ्यांतील लोक गावाने दूर ठेविलेल्यांपैकीच होते; परंतु ते दोन निरनिराळ्या जातींतून प्रभूकडे आले होते. त्या जाती कोणत्या हे येथे लिहीत नाही, कारण ते लिहिताच वाचक आपापली बाजू धरतील आणि मूळ मुद्दा राहून जाईल. माझी आजी भाविक होती. पहाटे उठून प्रार्थना केल्यावाचून ती चुलीस हात लावीत नसे. दुसऱ्या आळीतील एक बाई भुईमूग काढावयाच्या दिवसांत आमच्या घरी कामास येई. ती वयाने आजीहून मोठी. तरी आजी तिला 'अगं' म्हणे व ती आजीला 'बाई' म्हणे. चहाच्या वेळी ती स्वतःच कोनाड्यातला एक कान तुटलेला कप काढी, चहा झाल्यावर तो विसळी, आणि पुन्हा तेथेच पालथा घाली. ह्याविषयी कधी कोणी शब्द बोलले नाही. आम्हां मुलांपैकी कोणी तो कप कधी उचलीत नसे, आणि उचलू नये असे आम्हांस कोणी सांगितलेही नव्हते. रविवारी दोघीही एकाच मेजावरून भाकर व द्राक्षारस घेत. त्यातही ती बाई सर्वांच्या शेवटी उठे.

आजीच्या आत्म्याविषयी मला शंका नाही. म्हणूनच ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. दुष्ट मनुष्याने शिकविलेला तिरस्कार ओळखू येतो. प्रेमळ हाताने शिकविलेला ओळखू येत नाही. जी आजी आम्हांस दया शिकवी, तिच्याच कोनाड्यात तो कप होता. आणि त्या कपाच्या मागे गावाचे सारे पाणवठे होते, जेथे आजीच्या आईला हात लावू दिला गेला नव्हता. जे तिच्या आईने सोसले तेच तिने दुसऱ्या बाईस दिले, आणि आपण काही देत आहो हे तिला जाणवलेही नाही.

जातिभेदाच्या टिकाऊपणाचे कारण नेमके येथे आहे. डॉ. आंबेडकरांनी ते स्पष्ट करून दाखविले आहे. ही रचना दोन मजल्यांची नाही, पुष्कळ पायऱ्यांच्या शिडीची आहे. वरच्या पायरीवरून अपमान होतो त्याचे दुःख प्रत्येकास आहे; परंतु खालच्या पायरीवर कोणीतरी आहे ह्याचे समाधानही जवळजवळ प्रत्येकास आहे, आणि तेवढ्या समाधानासाठी तो सबंध शिडी उभी राहू देतो. शिडीच्या तळाशी असलेल्यांपैकी एका मुलीने मात्र निराळे केले. मुक्ता साळवे ही जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी, मांग जातीतील. तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापिला गेला. निबंध होता मांग व महार ह्यांच्या दुःखाविषयी. दोन्ही जातींचे दुःख तिने एकाच निबंधात एकत्र मांडिले. ज्या काळी ह्या दोन जाती एकमेकींचे पाणी घेत नसत, त्या काळी एका शाळकरी मुलीस जे सुचले ते आजही कित्येक मंडळ्यांच्या पंचांस सुचत नाही. सोयरिकीची बोलणी चालू झाली म्हणजे "आपण मूळचे कोण?" हा प्रश्न अद्यापि विचारला जातो, आणि बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झालेली माणसे त्याचे उत्तर देतात. सुंभ जळाला तरी पीळ राहतो म्हणतात, तो असा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जे आपण आपल्या इच्छेने शिकलो नाही त्याचा जाब आपणांकडून मागणे न्याय्य आहे काय?

एक पक्ष म्हणतो, न्याय्य नाही. मुलाने आळी निवडिली नाही, आजी निवडिली नाही. दुसरा पक्ष म्हणतो, न्याय्य आहे. कारण ज्याचे पाणी तोडिले गेले त्यास तोडणाऱ्याचे बालपण ऐकून काय करावयाचे? तहान तर तीच. दोन्ही पक्षांत सत्य आहे, आणि ते वेगवेगळ्या वेळांना लागू पडते असे मला वाटते. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात हाच वाद आहे. बापजाद्यांच्या कर्माची फळे आम्ही भोगतो, आम्ही काय करणार, अशा अर्थाची एक म्हण त्या काळचे लोक बोलत. परमेश्वराने ती म्हण बोलावयाची बंद करविली. बापाच्या अपराधाचा दोष मुलावर नाही. पण बापाचा अपराध पाहून जो मुलगा तोच पुढे चालवितो, त्याचा दोष त्याचा स्वतःचा. तेव्हा निवाडा असा की, लेकराने जे घेतले त्याबद्दल ते निर्दोष आहे. प्रौढ मनुष्य मात्र जे ठेवितो आणि जे पुढच्या लेकराच्या हाती देतो, त्याबद्दल जबाबदार आहे. वारसा मिळणे हा अपराध नव्हे. काय मिळाले ते डोळे उघडून पाहिल्यावरही ते तसेच मुलांच्या नावे करून ठेवणे हा अपराध होय.

ह्यावर एक आक्षेप येतो. असे बोलणे म्हणजे आईबापांचा मान राखावा ह्या आज्ञेचा भंग नव्हे काय? माझे उत्तर असे की, बापाची जमीन आपण कसतो, त्याचे कर्ज मात्र फेडून टाकितो. तसे करण्यात बापाचा अपमान कोणी मानीत नाही. उलट कर्ज फेडणारा मुलगाच सपूत म्हटला जातो. आजीची प्रार्थना ठेवावी, तिचा कोनाडा रिकामा करावा.

दुसरा आक्षेप अधिक खडतर आहे. पवित्र आत्म्याने नवा जन्म झालेल्या मनुष्याची ही शिकवण आपोआप गळून पडत नाही काय? ह्याचे उत्तर पेत्राच्या चरित्रात आहे. यापो येथे छपरावर त्यास तीन वेळा दृष्टांत झाला. त्यानंतर तो कर्नेल्याच्या घरी गेला, तेथे राहिला, जेवला, आणि त्याबद्दल यरुशलेमेत दोष लागला असता त्याने निर्भयपणे उत्तर दिले. ह्याहून स्पष्ट धडा कोणास मिळाला असेल? तरीही, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, अंत्युखियास पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस जेवत होता; परंतु यरुशलेमेकडील काही माणसे तेथे आली, म्हणजे जणू त्याच्या जुन्या आळीतले लोक आले, तेव्हा तो भिऊन पंक्तीतून बाजूला झाला. त्याचे पाहून इतर यहूदी उठले, आणि बर्णबासारखा मनुष्यही उठला. पेत्राचे मत बदलले होते असे नव्हे. मत तेच होते. आळीचे डोळे पाहताच पाय मागे सरले. पौलाने त्यास एकीकडे नेऊन समजाविले नाही, सर्वांसमक्ष विचारिले. ज्या पंक्तीत अपमान झाला त्याच पंक्तीत तो दुरुस्त होणे आवश्यक होते.

ह्यावरून एक नियम निघतो. जो तिरस्कार भांडे, जागा व शब्द ह्यांनी शिकविला गेला, तो केवळ उपदेशाने जात नाही. तो भांडे, जागा व शब्द ह्यांनीच जातो. इतिहास ह्यास साक्ष आहे. दक्षिण हिंदुस्थानातील जुन्या मंडळ्यांत ख्रिस्ती लोक जातीजातींनी निरनिराळे बसत व प्रभुभोजनही जातीच्या क्रमाने घेत. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन ह्यांनी, मंडळीत जातिभेद राहता कामा नये, असे आज्ञापत्र काढिले. पुष्कळ लोक उपासना सोडून गेले, परंतु वेगळी जागा सोडीनात. इतकी वर्षे उपदेश ऐकूनही जागेचा धडाच बलवत्तर ठरला होता. महाडचे उदाहरणही पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा कोठे त्या ठरावास हातपाय फुटले. त्यानंतरही खटला चालला, आणि अंती १९३७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

कायदा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; १९५५ साली तिच्याबद्दल शिक्षा ठरविणारा कायदा झाला, आणि १९८९ साली अत्याचारांविरुद्ध आणखी कडक कायदा झाला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचे ठरविले. हे सर्व चांगले झाले. ज्याचे पाणी तोडिले जाते त्यास कायद्याच्या दारात उभे राहता येते, ही लहान गोष्ट नाही. परंतु फळ्यावरचे नाव पुसणाऱ्या सरकारी हाताला आपल्या घरातला कोनाडा दिसत नाही. तेथवर पोहोचणारा हात घरधन्याचा किंवा घरधनिणीचाच असला पाहिजे.

मी ज्या मंडळ्यांत सेवा केली त्यांपैकी एकीत शब्बाथशाळेत शोमरोनी स्त्रीचा पाठ चालला होता. प्रभूजवळ पोहरा नव्हता, तेव्हा पाणी प्यावयाचे तर ते त्या स्त्रीच्याच भांड्यातून प्यावे लागणार होते, हे शिक्षकाने मुलांस समजाविले. दहा वर्षांचा एक मुलगा उठून म्हणाला, "मग आपण पलीकडच्या आळीत पाणी का पीत नाही?" मोठी माणसे हसली. कोणीतरी म्हणाले, पोरगा हुशार आहे. आणि शिक्षकाने पुढचे वचन वाचावयास घेतले. दोन वर्षांनी तोच मुलगा त्याच विषयावर गप्प बसत असे. त्याचे शिक्षण पूर्ण झाले होते. अटलांटातील त्या मुलाने विचारिले तेव्हा आईबापांनी उत्तर दिले. ह्या मुलाने विचारिले तेव्हा आम्हां मोठ्यांच्या मंडळीजवळ एक हसू होते. दोन मुलांचे आयुष्य ज्या ठिकाणी निराळे होते ते ठिकाण एवढेच.

ह्यास्तव उपदेशक बंधूंस व मंडळीच्या वडिलांस काही साध्या गोष्टी सुचवितो. मंडळीत व घरी सर्वांस एकच भांडी असावीत, आणि ती विसळण्याचे काम पाळीपाळीने सर्व आळ्यांकडे जावे. उपासनेस जो प्रथम येईल त्याने पुढे बसावे. दाराजवळची जागा कोणा एका आळीची म्हणून राहू नये. जातीचे नाव शिवी म्हणून घरात उच्चारले गेले तर घरातील वडील मनुष्याने तेथल्या तेथे थांबवावे, कारण मूल ऐकत असते. वयाने वडील असेल त्यास कोणत्याही आळीत 'अहो' म्हणावे. घरोघर भेटीस जाल तेव्हा दुसऱ्या आळीत बसून पाणी मागून प्यावे, आणि त्या वेळी आपली मुले बरोबर असावीत. तेथील लोकांसही विनंती की, पाणी देतांना संकोच करू नये. आपला तांब्या हलका आहे असे ज्यांनी आपणांस शिकविले त्यांचे ऐकू नये. सोयरिकीत "मूळचे कोण?" असे कोणी विचारले तर पंचांनी विचारणाऱ्यास प्रेमाने सांगावे की, ह्या प्रश्नाचे उत्तर बाप्तिस्म्याच्या दिवशी दिलेले आहे.

आणि मुलाने "हे असे का?" म्हणून विचारले तर हसू नये, रागावू नये, विषय बदलू नये. त्यास जवळ बसवून खरे सांगावे: आपल्या लोकांनी काय सोसले, आपण दुसऱ्यांस काय सोसावयास लाविले, आणि आजपासून आपल्या घरात काय होणार नाही. असे उत्तर देणे जड जाते, कारण ते दिल्यावर आपणांसही तसे वागावे लागते. तरी ते द्यावे. प्रभू आपल्या मंडळ्यांतील आईबापांस हे धैर्य देवो.